प्रोफेसरच्या फळ्यावरची शेवटची ओळ

१

फळा होता, फळ्यावरची सगळी गणितं होती, फक्त शेवटची ओळ नव्हती.

स्टुडिओच्या मॅनेजरसाहेबांनी सकाळी फळ्यावरची चादर ओढली आणि तिचं टोक हातात धरून ते तसेच पुतळ्यासारखे उभे राहिले. जिथे ती ओळ असायची, तिथे कुणीतरी घाईघाईनं पुसल्याचा पांढुरका पट्टा तेवढा उरला होता.

साधासुधा फळा असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हा त्या मालिकेतला, इतकी वर्षं गोदामात जपून ठेवलेला फळा होता. आईच्या लहानपणी ती मालिका लागायची त्या संध्याकाळी म्हणे रस्ते ओस पडायचे. डॉक्टर दवाखाना लवकर बंद करायचे आणि पेशंट कुरकुर करायचे नाहीत, कारण तेही आपापल्या घरी टीव्हीसमोर चिकटलेले असायचे. मालिकेत एक काटकुळा प्रोफेसर होता. पोलिसांनी हात टेकले की तो फळ्यासमोर उभा राहायचा, डोळे बारीक करायचा, चुकलेला आकडा कोटाच्या बाहीनं पुसायचा, हवेत आकडे तरंगायला लागायचे आणि पाच मिनिटांत खुनी सापडायचा. शेवटच्या भागात तर त्यानं खुन्याबरोबर गणितातलं एक जगप्रसिद्ध, आजवर कुणालाच न सुटलेलं कोडंही सोडवून टाकलं होतं. त्या कोड्याचं उत्तर म्हणजेच ती शेवटची ओळ.

आता स्टुडिओ कायमचा बंद होणार होता. जाता जाता जुन्या सेटचं एक प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. दुपारी दारं उघडायची होती, आणि उद्घाटनाचं भाषण होतं आजोबांचं.

काल संध्याकाळी तयारीला कोण कोण आलं होतं, असं मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांची नजर फिरत फिरत गेली आणि बरोब्बर आजोबांवर जाऊन थांबली.

खिडकी आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

२

खिडकी म्हणजे आजोबांची नात. खरं नाव वेगळं, पण बोलायला शिकल्यापासून तिनं घरादाराला इतके प्रश्न विचारले होते की मामानं तिचं नाव चौकशीखिडकी ठेवलं. पुढे त्यातली चौकशी गळून पडली आणि खिडकी राहिली. आधी तिला या नावाचा राग यायचा. यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिनं समोरच्या चौघांना गप्प केलं, तेव्हापासून ती स्वतःच स्वतःची ओळख तशी करून द्यायला लागली होती.

आजोबांना इथे आणलं होतं तिनंच. ते कॉलेजात गणित शिकवायचे आणि मालिकेचे सल्लागार होते. फळ्यावर काय लिहायचं ते ठरवायचे ते. एवढंच कशाला, पडद्यावर फळ्यावर लिहिताना दिसायचा तो हातही त्यांचाच. प्रोफेसरचं काम करणारा नट शाळेत गणितात सपशेल नापास झालेला, त्याला धड बेरजेचं चिन्हही ऐटीत काढता येईना. मग कोटाची नुसती एक बाही शिवून घेतली होती. लिहिण्याचा शॉट आला की आजोबा ती सुटी बाही हातात चढवायचे, कॅमेरा फक्त हात टिपायचा आणि बघणाऱ्यांना वाटायचं की काय सुसाट लिहितो हा माणूस.

दोघांची दोस्ती जमली होती घट्ट. आजोबा त्याला गणित समजावायचे, तो हसवायचा, आणि जेवायला रोज आजोबांच्या घरी. सगळी गल्ली त्याला प्रोफेसरच म्हणायची, आणि घरातलेही.

शेवटच्या भागाला माशी शिंकली. कोडं होतं जुळ्या मूळ संख्यांचं. अकरा आणि तेरा, सतरा आणि एकोणीस, एकोणतीस आणि एकतीस, अशा दोनच्या अंतरानं बसलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या कधी संपतात की अनंतापर्यंत भेटत राहतात? जगात कुणालाच ठाऊक नाही. आजोबांचं म्हणणं, जे सुटलेलं नाही ते सुटलं म्हणून दाखवायचं नाही. प्रोफेसरनं खडू हातात घेऊन रिकाम्या जागेसमोर उभं राहावं आणि मालिका संपावी. प्रोफेसरनं त्यांना तसा शब्दही दिला होता. शूटिंगच्या दिवशी मात्र शेवटची ओळ हवीच असा डायरेक्टरबाईंनी हट्ट धरला आणि आजोबा तडक निघून घरी आले.

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर प्रोफेसर खडू उचलून म्हणाला, "सुटलं," आणि आजोबांनी ताडकन टीव्ही बंद केला. तो कायमचाच. शब्द मोडलास का, असं त्यांनी फोनवर विचारलं. मीच लिहिली ती ओळ, असं प्रोफेसर म्हणाला. तेव्हापासून दोघांत अबोला. घरात मालिकेचं नाव काढायची सोय उरली नाही.

आजी गेली तेव्हा प्रोफेसर दारापर्यंत येऊन परत गेला, हे खिडकीनं गॅलरीतून पाहिलं होतं. त्यानंतर आजोबा फारच गप्प झाले. म्हणून प्रदर्शनाचं आमंत्रण आलं तेव्हा तिनं त्यांच्यामागे भुणभुण लावली, आणि ते चक्क हो म्हणाले. भाषणाचा विषयही ठरवला, 'मालिकांमधलं गणित: खरं किती, खोटं किती'. प्रोफेसर येणार आहे का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पण ठेवणीतला सदरा मात्र दोनदा इस्त्री करून घेतला.

आणि आता मॅनेजरसाहेब अगदी गोड आवाजात त्यांना सांगत होते की गैरसमज नको, पण भाषणाचं जरा राहू द्या.

ओळ मी पुसली नाही, असं आजोबांनी म्हणायला हवं होतं. ते सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले.

३

"तुम्ही गप्प का बसलात?" खिडकीनं त्यांना खोपच्यात गाठलं.

"ती ओळ पुसावी असं मला इतकी वर्षं वाटत आलंय, बाळ. आता कुणीतरी पुसली, तर मी नव्हेच असं कुठल्या तोंडानं सांगू?"

काल ते संध्याकाळी फक्त माइक बघायला आले होते. फळ्यावर चादर होती, आणि ती उचलून बघायचं त्यांच्या मनानं घेतलं नाही. म्हणजे साक्षीदार कुणी नाही.

खिडकी फळ्याकडे गेली आणि नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिली. वरच्या सगळ्या ओळी रंगाच्या होत्या. खडूनं लिहिलं तर टेकमागून टेक घेताना पुसट होतं, म्हणून सेट रंगवणारे पेंटरकाका आजोबांच्या कागदावरून सगळं ब्रशनं उतरवून ठेवायचे. कॅमेऱ्यासमोर लिहायची शेवटची ओळ तेवढी खऱ्या खडूची. म्हणूनच तेवढीच पुसता आली.

तिसऱ्या ओळीशी ती थबकली. तिथे लहान-मोठेपणाचं चिन्ह उलटं काढलं होतं. पाचापेक्षा तीन मोठे असल्याचं फळा बिनदिक्कत सांगत होता. फळ्याखाली खडू पडलेला, आणि चूक तशीच.

ती वळली आणि सरळ मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहिली. आजोबा वाण्याच्या पिशवीवरची बेरीज दुरुस्त करतात, लग्नपत्रिकेवरची तारीख आणि वार जुळतात का ते बघतात, एकदा तर दवाखान्यातल्या तक्त्यावरची टक्केवारी पेन काढून नीट केली होती. असा माणूस या फळ्यासमोर उभा राहिला, एक ओळ पुसली, आणि ते उलटं चिन्ह तसंच सोडून घरी जाऊन झोपला? शक्यच नाही.

मॅनेजरसाहेब हसले. हा काही पुरावा झाला नाही, असं म्हणाले. पण दारं उघडेपर्यंत थांबायला कबूल झाले. तोवर खरं काय ते कळलं नाही तर भाषण रद्द, आणि कारण विचारणाऱ्याला कारणही सांगणार.

खिडकीच्या हातात उरली एक सकाळ, तीही अर्धीच.

४

आधी डायरेक्टरबाई. ठेंगण्या, ठसठशीत, पांढऱ्या केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांचा संताप अगदी खरा होता, कारण प्रदर्शनाच्या जाहिरातीवर 'ती शेवटची ओळ प्रत्यक्ष पाहा' असं ठळक छापलेलं. आजोबांचं नाव काढताच त्यांचा पट्टा सुरू झाला. चोर पुढे कुठे घर फोडेल ते नकाशावरच्या ठिपक्यांवरून काढायचं, हे तुझ्या आजोबांना चालायचं, कारण खरे पोलीससुद्धा तसं काहीसं करतात म्हणे. पण गणिती माणूस पाच मिनिटांत उत्तर काढतो, हे त्यांच्या डोक्यात जायचं. खरा गणिती महिनोन् महिने भिंतीकडे बघत बसतो, लिहिलेलं खोडतो, आणि शेजारी चहा गार होतो, असं ते म्हणायचे.

"मी म्हणायचे, सर, गणिताला वेळ असतो, प्रेक्षकाला नसतो. गार होणारा चहा कोण बघणार?" असं म्हणून त्या हसल्या. "भांडायला मजा यायची गं."

शेवटची ओळ लिहिली कुणी, असं विचारल्यावर मात्र त्यांनी केसातली पेन्सिल काढली, परत खोचली आणि म्हणाल्या, प्रोफेसरनंच, सगळ्यांना माहीत आहे.

पेंटरकाका गोल गरगरीत, शिडीवर चढले की शिडीच करकरायची. ते काल फळ्यावर चादर घालायच्या आधीच रंगाचे उडालेले टवके भरून घरी गेले होते. ते उलटं चिन्ह आपलंच, हे त्यांनी खुशाल मान्य केलं. आपण आकडे नव्हे, चित्रं काढत होतो, असं म्हणून पोट हलवत हसले. शेवटच्या ओळीचं विचारताच तेही छताकडे बघायला लागले.

आणि प्रोफेसर. केस पिकले होते, पण अजूनही काटकुळाच. आपण आज सकाळीच आलो, काल इकडे फिरकलोही नाही, असं त्यानं सांगितलं. मग विषय बदलून विचारलं, "तू ती चौकशीखिडकी ना? तुझी आजी सांगायची तुझ्याबद्दल. बाजारात भेटायची कधीमधी."

खिडकी चमकली. आजोबांचा अबोला होता, आजीचा नव्हता तर.

त्याच्या मागे काचेच्या पेटीबाहेर, लाकडी हँगरवर, मालिकेतला तो प्रसिद्ध करडा कोट टांगलेला होता. धुऊन कडक इस्त्री केलेला. काल सकाळीच धोब्याकडून आला, असं डायरेक्टरबाई नुकत्याच कौतुकानं सांगत होत्या.

कोटाच्या उजव्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, खडूचा पांढरा पट्टा होता.

५

नुसता कोट हातात धरून फळा पुसला असता तर खडू चुण्यांमध्ये कसाही लागला असता. हा पट्टा सरळ होता, सारखा होता, बाहेरच्या बाजूनं होता. म्हणजे कोट अंगात होता. डायरेक्टरबाईंना तो गुडघ्याखाली आला असता, पेंटरकाकांच्या दंडात अडकला असता, आणि आजोबांचं पोट तर बटणांना कधीच दाद देत नाही. तो कोट या जगात एकाच माणसाला बसत होता. आणि फळा बाहीनं पुसायची सवय कुणाची, हे प्रत्येक भागात साऱ्या जगानं पाहिलं होतं.

कोण ते कळलं. पण का? ज्या ओळीपायी दोस्त गमावला, ती त्यानं आता का पुसावी?

कोपऱ्यातल्या टीव्हीवर मालिकेचे भाग एकामागून एक लागत होते. खिडकीनं शेवटचा भाग लावायला लावला. आपल्याच आजोबांनी सल्ला दिलेली मालिका ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. प्रोफेसर तरुण होता, अंगात तोच कोट. तो म्हणाला, "सुटलं." मग पडद्यावर फक्त हात आला. सुटी बाही, आणि खडू धरलेली बोटं.

खडू अंगठा आणि मधलं बोट यांच्यात होता. तर्जनी वर, मोकळी, जणू कुणाला थांब म्हणते आहे.

खिडकीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पेन असं धरते म्हणून शाळेत तिला आजवर किती जणींनी टोकलं होतं. ही पकड तिला जिनं शिकवली, त्या आजीनं तिच्या हातावर हात ठेवून तिच्याकडून एक ते दहा गिरवून घेतले होते. आजीसुद्धा शाळेत गणितच शिकवायची.

टीव्हीवरचा हात ओळ पूर्ण करून बाजूला झाला. खिडकीला वाटलं, तो अजून थोडा वेळ राहिला असता तर काय बिघडलं असतं.

६

तिनं प्रोफेसरला मागच्या जिन्यात गाठलं आणि बाहीचं सांगितलं, मग हाताचं. तो पायरीवर बसला आणि सांगायला लागला.

त्या दिवशी आजोबा तरातरा गेले आणि त्यांचा चष्मा सेटवरच राहिला. तो न्यायला आजी आली. सेट दुसऱ्या दिवशी मोडायचा होता, सगळे डोक्याला हात लावून बसलेले. डायरेक्टरबाईंनी तिच्या अक्षरशः विनवण्या केल्या. आजी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, द्या ती बाही. ओळ लिहून झाल्यावर तिनं सगळ्यांना बजावलं, यांना कुणी सांगू नका, मी वेळ बघून सांगेन.

"ती वेळ आलीच नाही," प्रोफेसर म्हणाला. "तुझे आजोबा मालिकेचं नाव काढलं की पेटायचे. मग मीच म्हणालो, मी लिहिली. माझ्यावर चिडले तर चिडले. घरच्या माणसावर चिडून कुठे जातील?"

काल तो आला होता. कोट दिसला, मोह आवरला नाही, अंगात चढवला. आरशासमोर उभं राहतात तसा फळ्यासमोर उभा राहिला. चादर उचलली आणि एकदम लक्षात आलं, टीव्हीवर त्यांनी ही ओळ पाहिलीच नाही. उद्या इथे उभे राहतील तर तिचं अक्षर ओळखतील. ती आता खुलासा करायलाही नाही. आपल्या बायकोनं आपल्यामागे खोटं गणित लिहिलं, एवढंच त्यांच्यापाशी उरणार.

"हात कधी उठला ते कळलंच नाही बघ."

खिडकीला आता रडावं की काय करावं कळेना. आजोबांना सोडवायचं तर आजीचं गुपित फोडावं लागणार होतं. प्रोफेसरनं तिच्या डोक्यावर टपली मारली. मॅनेजरकडे मी जातो, म्हाताऱ्याला लहर आली म्हणून पुसली असं सांगतो, तू आजीचं नाव काढू नकोस.

दोघं हॉलमध्ये आली आणि दारातच खिळली.

आजोबा फळ्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. तिसऱ्या ओळीतल्या उलट्या चिन्हावर काट मारून वर खडूनं सरळ चिन्ह काढलेलं होतं. शेजारचा एक दिवा त्यांनी ओढून अगदी कडेला, फळ्याला चिकटवून लावला होता. आयुष्यभर वर्गात शिरल्यावर तिरप्या उन्हात आदल्या तासाचा पुसलेला फळा वाचलेला माणूस तो. कोरडा पुसलेला खडू माग सोडतोच, आणि हा तर वर्षानुवर्षं तिथे बसलेला.

"हे अक्षर तुझं नाही," ते मागे न बघता प्रोफेसरला म्हणाले. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

प्रोफेसरच्या तोंडून मग एकदम सगळंच बाहेर पडलं. तिनं नाइलाजानं लिहिली, तिचा दोष नाही, हवं तर मला बोला.

"अरे गाढवा, इकडे ये. वाच."

"मला कुठे वाचता येतं?"

"ते खरंच."

मग आजोबांनी खिडकीला जवळ ओढलं आणि तिचं बोट फळ्यावर टेकवलं. दिव्याच्या तिरप्या उजेडात भुतासारखी फिकट ओळ उमटली होती, आणि तिच्या शेवटी एका अक्षराच्या पायाशी एक चिमुकला दोन. तो नसता, तर कोडं सुटलं असं लबाडीनं म्हटल्यासारखं झालं असतं. तो होता, म्हणून त्या ओळीचा अर्थ वेगळा होता. अशा मूळ संख्या अनंत आहेत, ज्यांच्यात दोन मिळवले की एक तर मूळ संख्या येते, नाहीतर दोनच मूळ संख्यांचा गुणाकार येतो. जसं एकोणिसात दोन मिळवले की एकवीस, म्हणजे तीन साते. हे सिद्ध झालेलं होतं, मालिका येण्याच्याही आधी. कोड्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत नेणारी, शंभर टक्के खरी ओळ.

"डायरेक्टरला ओळ मिळाली, प्रेक्षकांना शेवट मिळाला," आजोबा म्हणाले, "आणि हिनं खोटं एक अक्षर लिहिलं नाही. मी टीव्ही बंद केला नसता तर मला त्याच क्षणी कळलं असतं."

"आणि मी खरी ओळ पुसली," प्रोफेसर पुटपुटला.

खिडकीच्या लक्षात आलं, फळा आता अगदी आजोबांना हवा होता तसा झाला होता. खाली रिकामी जागा आणि पुढ्यात खडू. एवढ्यासाठी तर ते भांडून निघून गेले होते. आजोबांनी खडू उचलला, त्या फिकट ओळीवर टेकवला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग खाली ठेवला.

"मी गिरवली तर माझं अक्षर होईल," ते म्हणाले. "दिवा इथेच राहू द्या."

मॅनेजरसाहेबांना काय सांगायचं ते आजोबांनी आणि प्रोफेसरनं मिळून सांगितलं. इतक्या जोरजोरात आणि एकमेकांना तोडत सांगितलं की साहेबांनी शेवटी हात जोडले आणि भाषण होईल असं कबूल केलं.

दारं उघडली. आजोबांचं भाषण लांबलं, मालिकेतल्या चुका सांगता सांगता ते मालिकेचंच कौतुक करायला लागले, आणि डायरेक्टरबाई पहिल्या रांगेत पेन्सिलीनं डोळे पुसता येतात का ते बघत राहिल्या. त्यानंतर फळ्यासमोर ही गर्दी. ओळ उभ्यानं दिसत नव्हती, गुडघे टेकून वाकावं लागायचं, आणि मोठमोठी माणसं कपड्यांची पर्वा न करता वाकत होती. कुठून बघायचं ते दाखवायला फळ्याशी प्रोफेसर उभा होता, अंगात तो करडा कोट, अर्थ समजावून सांगताना तोंडाचा पट्टा चालू.

"तर मंडळी, कुठल्याही संख्येत दोन मिळवले की—"

"कुठल्याही नाही," मागच्या बाकावरून आजोबा म्हणाले. "मूळ संख्येत."

"तेच ते."

"तेच नाही. पहिल्यापासून सांग."

आणि प्रोफेसरनं घसा खाकरून पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकीची.